ओपनसीव्ही प्रकल्पात घ्यावी का? मूल्यमापनाच्या टिपणीत कोणते प्रश्न असावेत?

नोंदवही (धागाकर्ती)

नाशिकमधील आमचा छोटा संघ सहकारी पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. सध्याच्या कामात कर्जरोखे, सात-बाराचे उतारे आणि छापील पावत्या यांचे शाखेतल्या कर्मचाऱ्यांनी मोबाइलने काढलेले फोटो घ्यायचे, कागदाचे चार कोपरे शोधून तो सरळ करायचा, सावली आणि डाग कमी करायचे आणि मग टेसरॅक्टच्या मराठी मॉडेलकडून मजकूर वाचून घ्यायचा, असा क्रम आहे. हस्तलिखित खतावण्या मात्र वाचायच्या नाहीत. त्या फक्त स्वच्छ करून साठवायच्या आहेत. मधल्या टप्प्यासाठी ओपनसीव्ही, म्हणजे चित्रांवर प्रक्रिया करणाऱ्या तयार कोडाची लायब्ररी, वापरावी यावर संघात दुमत नाही, परंतु "सगळे तीच वापरतात" हे कारण टिपणीत चालणार नाही, असे वरिष्ठांनी बजावले आहे आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे.

आतापर्यंत जमवलेली माहिती अशी. ही लायब्ररी १९९९ मध्ये इंटेलमध्ये गॅरी ब्रॅडस्की यांच्या पुढाकाराने सुरू झाली, २००० मध्ये तिची पहिली चाचणी आवृत्ती लोकांसमोर आली आणि १.० निघायला २००६ साल उजाडले. २००९ च्या २.० पासून तिचा मुख्य चेहरा सी++ चा झाला. मधल्या काळात विलो गॅरेज आणि इटसीझ या कंपन्यांनी तिचा भार उचलला, २०१६ मध्ये इटसीझ इंटेलने विकत घेतली आणि आज ती एका ना-नफा संस्थेच्या छत्राखाली आहे. इतके पालक बदलूनही काम बंद पडले नाही, ही बाब मी जमेच्या बाजूला धरली आहे.

त्यापुढचा तक्ता मात्र माझा मलाच पटत नाही. गिटहबवरचे तारे, दस्तऐवजांचा दर्जा, आधार असलेल्या भाषा, अल्गोरिदमांची संख्या असे रकाने पाडले, तर कोणत्याही नामांकित लायब्ररीला पैकीच्या पैकी गुण मिळतात. ओपनसीव्हीच्या संकेतस्थळावर २५०० हून अधिक अल्गोरिदमांचा उल्लेख आहे. आम्हाला त्यातले फार तर दहा-बारा लागतील. ही लायब्ररी ज्यांनी प्रत्यक्ष गिऱ्हाइकाकडे बसवून सांभाळली आहे, त्यांनी कृपया सांगावे, की टिपणीत कोणते प्रश्न असायलाच हवेत?

भोसरीकर

वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या कारखान्यांत कॅमेऱ्याने तपासणी करणाऱ्या प्रणाली बसवणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे उत्तर त्या अनुभवातून देतो. तुमच्या तक्त्यातील "अल्गोरिदमांची संख्या" हा रकाना सरळ काढून टाकावा. आमच्या क्षेत्रात ही लायब्ररी अडचणीत आणते ती गणितात फारशी नाही; अडचण येते चित्र आत घेताना, निकाल बाहेर देताना आणि आवृत्ती बदलताना. म्हणून मूल्यमापनाचा बहुतेक वेळ या तीन जागांवर घालवावा, असे माझे मत आहे.

चित्र आत घेण्यापासून सुरुवात करू. पायथनमध्ये "इमरीड" या फंक्शनला फाइल सापडली नाही किंवा ती उघडता आली नाही, तर ते अपवाद उभा करत नाही, म्हणजे चूक जाहीर करून थांबत नाही. निमूटपणे "नन" (काहीच नाही) परत देते. नव्या आवृत्त्यांत एक इशारा छापला जातो, पण प्रोग्रॅम पुढे चालतच राहतो आणि दोन-चार ओळींनंतर रंग बदलण्याच्या फंक्शनमध्ये "उणे २१५, असर्शन फेल्ड" असा संदेश देऊन कोसळतो. नवखा माणूस मग रंग बदलण्याच्या ओळीत चूक शोधत बसतो. हेच फंक्शन चित्र निळा-हिरवा-लाल या क्रमाने देते, तर पिलो ही पायथनची चित्रे हाताळणारी लायब्ररी आणि बहुतेक इतर साधने लाल-हिरवा-निळा हा क्रम मानतात. झेंडा (चित्र कसे वाचायचे हे सांगणारा पर्याय) दिला नाही तर पारदर्शकतेचा थर गळून पडतो आणि १६ बिटांचे चित्र ८ बिटांचे होते. तुमचे फोटो मोबाइलचे आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट महत्त्वाची : फोटो उभा की आडवा ही माहिती फाइलमध्ये वेगळी लिहिलेली असते आणि "इमरीड" ती वाचून चित्र आपोआप फिरवते, मात्र "अनचेंज्ड" हा झेंडा लावला की फिरवत नाही. एका विभागाने एक झेंडा वापरला आणि दुसऱ्याने दुसरा, तर कोपऱ्यांचे निर्देशांक जुळणार नाहीत. या सगळ्या गोष्टी दस्तऐवजांत लिहिलेल्या आहेत, त्यांना दोष म्हणता येणार नाही. पण आपल्या कामाला त्या कुठे बोचतील हे टिपणीत असायला हवे.

आवृत्तीबद्दल एक जुने उदाहरण देतो. आकारांच्या कडा शोधणारे "फाइंडकॉन्टूर्स" हे फंक्शन २.४ मध्ये दोन गोष्टी परत देत असे, ३ च्या मालिकेत तीन देऊ लागले आणि ४ मध्ये पुन्हा दोनवर आले. इंटरनेटवर मिळणारा अर्धा नमुना-कोड त्यामुळे चालत नाही. हा बदल त्यातल्या त्यात बरा, कारण प्रोग्रॅम लगेच बंद पडतो आणि कळते तरी. "मिनएरियारेक्ट" या फंक्शनचा बदल याहून वाईट होता. तिरक्या चौकटीचा कोन ते पूर्वी उणे ९० ते शून्य या पट्ट्यात देत असे, ४.५.१ पासून तो शून्य ते ९० या पट्ट्यात येऊ लागला. फंक्शनचे नाव तेच, निकालाचा आकार तोच, आकडा तेवढा वेगळा. अशा जागी प्रोग्रॅम कुरकूर न करता चुकीचे उत्तर देतो.

कलमकसाई

मी सॉफ्टवेअरच्या करारांचे काम पाहतो, त्यामुळे परवान्यांपुरतेच लिहितो. "ओपनसीव्ही मोफत आणि मुक्तस्रोत आहे" एवढे वाक्य टिपणीत पुरेसे नाही.

मुख्य लायब्ररी ४.५.० पासून, म्हणजे २०२० च्या अखेरीपासून, अपाचे २.० परवान्याखाली आहे. त्याआधीच्या आवृत्त्या तीन कलमी बीएसडी परवान्याखाली होत्या. दोन्ही परवाने व्यावसायिक उत्पादनात वापर करू देतात आणि तुमचा स्वतःचा कोड उघड करायला लावत नाहीत. अपाचेमध्ये पेटंटविषयी स्पष्ट कलम आहे : योगदान देणाऱ्यांकडून त्यांच्या पेटंटची परवानगी तुम्हाला मिळते, आणि त्या कामाविरुद्ध तुम्हीच पेटंटचा दावा लावला तर ती परवानगी संपते. ग्राहकाला वितरण करताना परवान्याची प्रत आणि सूचना सोबत द्याव्या लागतात, हे साधे काम बहुतेक जण विसरतात.

खरी गुंतागुंत सोबत येणाऱ्या घटकांची आहे. पायथनच्या तयार पॅकेजात व्हिडिओसाठी एफएफएमपेग आणि लिनक्सवर खिडक्या दाखवण्यासाठी क्यूटी असते आणि हे दोन्ही एलजीपीएल परवान्याखाली आहेत. ते वापरता येतात, पण त्यांच्या अटी अपाचेपेक्षा निराळ्या आहेत. पॅकेजच्या आत तिसऱ्या पक्षांच्या परवान्यांची एक स्वतंत्र फाइल असते. ती टिपणीला जोडावी आणि कोणीतरी ती खरोखर वाचावी.

पेटंटचेही एक ठळक उदाहरण आहे. चित्रातील खुणेचे बिंदू शोधणारी सिफ्ट ही पद्धत ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या अमेरिकी पेटंटखाली होती, म्हणून ती बरीच वर्षे वेगळ्या, "अ-मुक्त" कप्प्यात ठेवलेली असे. मार्च २०२० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि ४.४.० पासून सिफ्ट मुख्य विभागात आली. सर्फ ही तिची चुलत बहीण मात्र अजूनही त्या कप्प्यातच आहे. तयार पॅकेजात ती बंद असते आणि हवी असल्यास मुद्दाम पर्याय चालू करून मूळ कोडापासून स्वतः बांधणी करावी लागते. "लायब्ररीत आहे म्हणजे वापरायला हरकत नाही" हा समज त्यामुळे घातक आहे.

नोंदवही

दोघांचेही आभार. भोसरीकर, "मिनएरियारेक्ट"चा मुद्दा वाचून आमचा कोड उघडून पाहिला. पान सरळ करण्यासाठी आमच्याकडे जो भाग आहे, तो इंटरनेटवर सर्वत्र फिरणाऱ्या नमुन्यावरच बेतलेला आहे : कोन उणे ४५ पेक्षा कमी असेल तर त्यात ९० मिळवून चिन्ह उलटवा, नसेल तर नुसते चिन्ह उलटवा. नव्या पट्ट्यात कोन कधीच ऋण येणार नाही, म्हणजे पहिली अट कधीच लागू होणार नाही. पान एका बाजूला दोन अंश कलले असेल तर ठीक. पण दुसऱ्या बाजूला दोन अंश कलले तर कोन ८८ येईल आणि आमचा प्रोग्रॅम ते पान जवळजवळ काटकोनात फिरवून आडवे पाडेल. मग टेसरॅक्टला दोष देत बसायचे! सध्या आमच्या यंत्रांवर जुनी आवृत्ती असल्याने हे दिसले नव्हते. आवृत्ती वाढवण्याआधी काय तपासावे याची यादीच करावी लागेल.

उभाआडवा

नोंदवहीताई, यादीपेक्षा चाचणी करावी. पन्नास-साठ खरे फोटो निवडावेत, त्यांत चांगले कमी आणि वाईट अधिक असावेत : घडी पडलेले, पिवळ्या दिव्याखालचे, शिक्का अक्षरांवर आलेले, काळ्या टेबलाऐवजी पांढऱ्या टेबलावर ठेवलेले. प्रत्येकासाठी चार कोपऱ्यांचे आणि कलाचे अपेक्षित आकडे माणसाने हाताने नोंदवावेत आणि आवृत्ती बदलली की सगळा संच पुन्हा चालवावा. तुलना करताना चित्रे पिक्सेलागणिक समान असण्याचा आग्रह धरू नये. वेगवेगळ्या प्रोसेसरांवर आणि बांधण्यांमध्ये बारीक फरक पडतातच. कोपरा किती पिक्सेलांनी चुकला, कोन किती अंशांनी चुकला, असे सहनशीलतेचे आकडे ठरवावेत.

मी गेली काही वर्षे जुनी मराठी छापील नियतकालिके स्कॅन करण्याच्या कामात आहे, म्हणून देवनागरीचा एक मुद्दा मांडतो, कारण तो कोणत्याही इंग्रजी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. पावत्या आणि खतावण्या यांच्यावर आखलेल्या रेघा असतात आणि त्या काढण्याची प्रचलित पद्धत अशी आहे, की आडव्या लांबट पट्टीने "मॉर्फॉलॉजिकल ओपनिंग" करायचे, त्यातून फक्त आडव्या रेघा उरतात, आणि त्या मूळ चित्रातून वजा करायच्या. रोमन लिपीत हे छान चालते, कारण तिथल्या अक्षरांत लांब आडवी रेघ नसते. आपल्याकडे शिरोरेषा असते. पट्टी चाळीस पिक्सेलांची घेतली आणि "कर्जदाराचे" या शब्दाची शिरोरेषा दीडशे पिक्सेलांची असली, तर प्रोग्रॅमच्या दृष्टीने तीही रेघच. ती पुसली गेली की उरलेले तुकडे टेसरॅक्टला काहीच सांगत नाहीत. पट्टीची लांबी सर्वांत लांब शब्दापेक्षा मोठी ठेवावी, किंवा सापडलेल्या रेघांपैकी ज्या पानाच्या निम्म्याहून अधिक रुंदीभर जातात तेवढ्याच वजा कराव्यात. फोटो थोडा वाकडा असेल तर लांब रेघही पायऱ्यापायऱ्यांची होते आणि लांब पट्टीत बसत नाही. म्हणून आधी पान सरळ करावे, मगच रेघा काढाव्यात.

याच शिरोरेषेचा फायदाही होतो. पानाचा कल शोधायला "मिनएरियारेक्ट" मुळात कमकुवत आहे, कारण कोपऱ्यातला एखादा शिक्का किंवा सहीचा फराटा सगळी चौकट फिरवतो. पान अर्ध्या-अर्ध्या अंशाने फिरवून पाहावे आणि प्रत्येक वेळी आडव्या ओळींतील काळ्या पिक्सेलांची बेरीज घ्यावी. शिरोरेषा अचूक आडव्या झाल्या की त्या ओळींवर बेरजेचे टोकदार सुळके उभे राहतात आणि दोन ओळींच्या मध्ये ती जवळजवळ शून्यावर येते. सुळके ज्या कोनाला सर्वांत टोकदार, तोच कल. छोट्या केलेल्या चित्रावर हे फार वेळ घेत नाही. अक्षरे काळी-पांढरी करायला ओत्सूची पद्धत सावलीच्या फोटोंवर फसते. सावोलाची पद्धत वापरून पाहावी. ती ओपनसीव्हीच्या मुख्य भागात नसून "कॉन्ट्रिब" या पुरवणी संचातील "एक्सआयएमजीप्रॉक"मध्ये आहे, किंवा सायकिट-इमेज या पायथनच्या दुसऱ्या लायब्ररीत तयार मिळते.

नवाखेळाडू

इतकी मेहनत कशासाठी? आता खोल न्यूरल जाळ्यांवर आधारित मॉडेले कोपरेही शोधतात, कलही शोधतात आणि मजकूरही वाचतात. ओपनसीव्ही ही मागच्या पिढीची गोष्ट आहे. पायटॉर्च (अशी जाळी शिकवण्याची आणि चालवण्याची लायब्ररी) आणि योलो (चित्रातील वस्तू शोधणारी मॉडेले) घ्यावे आणि मोकळे व्हावे, असे माझे प्रांजळ मत आहे.

कलमकसाई

मोकळे होण्याआधी परवाना पाहावा. अल्ट्रालिटिक्सने प्रसिद्ध केलेली योलोची साधने एजीपीएल ३ परवान्याखाली आहेत. पतसंस्थेला विकल्या जाणाऱ्या बंद स्रोताच्या सॉफ्टवेअरमध्ये ती बसवायची, तर एकतर स्वतःचा कोड त्याच परवान्याखाली खुला करण्याची तयारी हवी, नाहीतर त्यांच्याकडून व्यावसायिक परवाना विकत घ्यावा लागेल. सेवा नेटवर्कवरून दिली म्हणून सुटका होत नाही. शिवाय प्रशिक्षित मॉडेलाच्या वजनांचा परवाना आणि ते चालवणाऱ्या कोडाचा परवाना वेगवेगळे असू शकतात.

भोसरीकर

नवाखेळाडू, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण तुलना चुकीच्या पातळीवर होते आहे. मॉडेलाला चित्र देण्याआधी ते वाचणे, लहान करणे, रंग बदलणे, आणि निकाल आल्यावर कागद सपाट करणे ही कामे कोणीतरी करावीच लागतात आणि बहुतेक प्रकल्पांत ती ओपनसीव्हीच करते. ३.३ पासून, म्हणजे २०१७ पासून, तिच्या मुख्य भागात "डीएनएन" विभागही आहे. तो प्रशिक्षण देत नाही. इतरत्र शिकवलेले मॉडेल, उदाहरणार्थ ओएनएनएक्स स्वरूपातले, चालवून दाखवतो. पतसंस्थेच्या शाखेतील साध्या संगणकावर पायटॉर्चचा सगळा डोलारा उभा करण्यापेक्षा हे सोयीचे पडते. मात्र त्यात प्रत्येक नव्या मॉडेलातील प्रत्येक थर चालेलच असे नाही, म्हणून तुमचे मॉडेल त्यात उघडते का, हे पहिल्याच दिवशी पाहावे. ग्राफिक्स कार्डावर वेग मिळेल अशी आशा असेल तर लक्षात ठेवावे, की या विभागात कुडाची (एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर गणित चालवण्याची) सोय ४.२ पासून आहे खरी, पण पिपने (पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) मिळणाऱ्या तयार पॅकेजात ती नसते. स्रोतापासून बांधणी करावी लागते आणि ती सांभाळणे हे एक वेगळे काम होऊन बसते. टिपणीत त्याचा खर्च मनुष्यदिवसांत मांडावा.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. मॉडेल शिकवताना चित्रे पिलोने लहान केली आणि चालवताना ओपनसीव्हीने, तर निकाल बदलतात. चित्र लहान करताना पिलो आसपासच्या सगळ्या पिक्सेलांची दखल घेते. ओपनसीव्हीचा नेहमीचा "लिनिअर" पर्याय मोजक्याच शेजाऱ्यांकडे पाहतो आणि बारीक रेघा तुटक होतात. लहान करताना "एरिया" हा पर्याय वापरावा.

म्युनिकस्थ

धागा आवडला. मी म्युनिकमध्ये औद्योगिक तपासणीच्या क्षेत्रात काम करतो आणि याच शहरातील एमव्हीटेकची हॅल्कन ही व्यावसायिक लायब्ररी आमच्याकडे ओपनसीव्हीच्या जोडीने वापरली जाते. तिचा परवाना विकसनासाठी वेगळा आणि प्रत्येक चालत्या यंत्रासाठी वेगळा घ्यावा लागतो, त्यामुळे "पैसे देऊन नेमके काय मिळते" हा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी निघतो.

माझे उत्तर असे, की कागद सरळ करण्यासारख्या कामात फारसे काही जास्त मिळत नाही. फरक पडतो तो मोजमापात आणि जुळणीत. ओपनसीव्हीचे "मॅचटेम्प्लेट" हे नमुना चित्रावर सरकवत नेते. वस्तू फिरली किंवा लहान-मोठी दिसली की ते हतबल होते. हॅल्कनची आकाराधारित जुळणी फिरलेली, अर्धवट झाकलेली वस्तूही पिक्सेलाच्या अंशापर्यंत अचूक शोधते आणि ती तयार मिळते. ओपनसीव्हीत हे स्वतः रचावे लागते. ज्याच्याकडे असा माणूस आहे त्याने रचावे. नसेल तर परवान्याची किंमत त्या माणसाच्या पगाराशी ताडून पाहावी. कॅमेऱ्याच्या अंशांकनात मात्र ओपनसीव्ही उत्तम आहे : बुद्धिबळाच्या पटाचे किंवा चारुकोचे (पटाच्या घरांत अरुको या चौकोनी खुणा असलेले) फलक वापरून भिंगाची वक्रता काढण्याचे काम ती विश्वासाने करते. (अरुको खुणांचा विभाग ४.७ मध्ये "कॉन्ट्रिब"मधून मुख्य भागात आला आणि येताना त्याची फंक्शनेही बदलली. जुने नमुने तसेच्या तसे चालणार नाहीत.)

भोसरीकरांना हे ठाऊक असेलच, पण धागाकर्तीसाठी लिहितो : कोणत्याही लायब्ररीने न भरून येणारी उणीव प्रकाशाची असते. शाखेत फोटो काढण्यासाठी एक साधी गडद चौकट आणि दोन बाजूंनी दिवे ठेवले, तर कोपरे शोधण्याच्या अर्ध्या अडचणी उद्भवतच नाहीत. टिपणीत लायब्ररीच्या शेजारी याचाही खर्च मांडावा. तो बहुधा सर्वांत कमी निघेल.

उभाआडवा

देवनागरीचे दोन मुद्दे राहिले होते. "पुटटेक्स्ट" हे चित्रावर अक्षरे लिहिणारे फंक्शन हर्शीच्या रेषामय अक्षरांवर चालते आणि त्यांत देवनागरी नाही. "नाशिक" लिहायला सांगितले तर ओळीने प्रश्नचिन्हे उमटतात. "कॉन्ट्रिब"मध्ये संगणकातील फॉन्ट वापरणारा फ्रीटाइपचा विभाग आहे, पण तो स्वतः बांधावा लागतो. त्यापेक्षा पिलोने अक्षरे काढून चित्र परत आणणे सोपे; मात्र पिलोला राक्म या अक्षरांची मांडणी करणाऱ्या लायब्ररीची जोड असल्याची खात्री करावी, अन्यथा ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे मोडतात.

दुसरा मुद्दा विंडोजचा. फाइलचे किंवा फोल्डरचे नाव देवनागरीत असेल, उदाहरणार्थ "कर्ज प्रकरणे", तर तिथे "इमरीड" अनेकदा फाइल उघडत नाही आणि वर सांगितल्याप्रमाणे "नन" देऊन मोकळे होते. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीने फाइलचे बाइट वाचून ते "इमडिकोड"ला देणे हा खात्रीचा उपाय आहे. पतसंस्थेतील कर्मचारी फोल्डरला मराठी नाव देणारच, आणि त्यांनी ते द्यावे.

नोंदवही

फोल्डरांची नावे खरोखरच "शाखा पंचवटी", "थकबाकी" अशीच आहेत, त्यामुळे हा मुद्दा आमच्या टिपणीत सर्वांत वर जाईल. आतापर्यंतच्या चर्चेवरून माझा कल असा झाला आहे : वाचणे, कोपरे शोधणे, सपाट करणे आणि आकार बदलणे ओपनसीव्हीकडे, सावोला सायकिट-इमेजकडे, म्हणजे त्यासाठी "कॉन्ट्रिब" घ्यावे लागणार नाही, चित्रावर मराठी अक्षरे पिलोकडे. ओपनसीव्हीला हाक मारणारा सगळा कोड एकाच फाइलमध्ये ठेवावा, म्हणजे उद्या आवृत्ती बदलली तर तेवढीच फाइल तपासावी लागेल. संघातील एका सहकाऱ्याचा आक्षेप असा, की तीन लायब्ऱ्या घेतल्याने सांभाळण्याचे काम तिप्पट होते. यावर मत हवे आहे. शिवाय सर्व्हरवर कोणते पॅकेज बसवावे, याबाबतही गोंधळ आहे.

भोसरीकर

पॅकेजचे आधी सांगतो. पिपवर चार प्रकार आहेत : साधे, "कॉन्ट्रिब"सह, आणि या दोहोंचे "हेडलेस" म्हणजे खिडक्या दाखवण्याची सोय नसलेले. सर्व्हरवर आणि डॉकरमध्ये "हेडलेस"च घ्यावे. साधे घेतले तर आयात करतानाच "लिबजीएल सापडत नाही" अशी तक्रार येते आणि मग लोक नको असलेली ग्राफिक्सची पॅकेजे बसवत सुटतात. चौघांपैकी एका वेळी एकच बसवावे, कारण चारही "सीव्ही२" या एकाच नावाच्या फोल्डरात उतरतात आणि एकमेकांवर लिहितात. तुमच्या थेट यादीत एकच असले, तरी दुसरे एखादे साधन आपल्याबरोबर वेगळे ओढून आणते. बसवून झाल्यावर पिपची यादी पाहून खात्री करावी. आवृत्तीचा पूर्ण आकडा लिहूनच ती बांधून ठेवावी.

तीन लायब्ऱ्यांबद्दल सहकाऱ्याचा आक्षेप पूर्ण चुकीचा नाही, पण इथे खरी काळजी सीमेवरची आहे. एकीकडून दुसरीकडे चित्र जाताना रंगांचा क्रम, ८ बिट की दशांश, आणि आधी रुंदी की आधी उंची, या तीन गोष्टी बदलतात. साधी बेरीजसुद्धा सारखी राहत नाही : २५० उजेडाच्या पिक्सेलात १० मिळवले, तर ओपनसीव्हीचे बेरजेचे फंक्शन २५५ वर थांबते आणि नमपायची बेरीज वळसा घालून ४ देते. पांढरा कागद उजळ करायला जावे आणि त्यावर काळे ठिपके यावेत, असा तो प्रकार असतो. म्हणून प्रत्येक सीमेवर चित्राचा प्रकार आणि मिती तपासणारे चार ओळींचे फंक्शन ठेवावे.

उभाआडवा

वेग मोजण्याविषयी एक पुरवणी. पहिली फेरी मोजू नये, कारण त्यात सुरुवातीची तयारी धरली जाते. ओपनसीव्ही स्वतःच अनेक धागे (थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह) वापरते. सर्व्हरवर तुम्हीही चार प्रक्रिया चालवल्या, तर सगळे एकमेकांच्या पायांत येतात आणि एकट्या चाचणीत दिसलेला वेग प्रत्यक्षात मिळत नाही. "सेटनमथ्रेड्स"ने धागे एकावर आणून दोन्ही प्रकारे मोजावे. आणि मोजणी शाखेत असलेल्या संगणकावरच करावी. विकसकाच्या संगणकावरचे आकडे टिपणीत घालू नयेत.

कलमकसाई

सुरक्षेचा रकाना कोणीच सुचवला नाही, म्हणून लिहितो. तयार पॅकेजात जेपेग, पीएनजी, वेबपी वाचणाऱ्या लायब्ऱ्या आतच भरलेल्या असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी वाचणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष उघडकीस आला, तेव्हा लिनक्सच्या प्रणालीतील वेबपी अद्ययावत करणाऱ्यांना वाटले की काम झाले. परंतु ओपनसीव्हीच्या पायथन पॅकेजाच्या पोटातील प्रत जुनीच होती आणि ४.८.१.७८ घेतल्यावरच ती बदलली. तुमच्याकडे बाहेरून आलेले फोटो उघडले जातात, त्यामुळे हा प्रश्न तुम्हाला थेट लागू आहे. आवृत्ती बांधून ठेवावी हे भोसरीकरांचे म्हणणे योग्यच, पण बांधलेली आवृत्ती कोण आणि किती दिवसांनी तपासणार, त्या माणसाचे पद टिपणीत लिहावे. स्वीकारायच्या फाइलींचे प्रकारही आखून द्यावेत : मोबाइलवरून फक्त जेपेग येणार असेल, तर बाकीचे प्रकार ओपनसीव्हीपर्यंत पोहोचण्याआधीच परत पाठवावेत.

नोंदवही

फाइलींचे प्रकार आखण्याची सूचना लगेच अमलात आणता येईल, कारण आमचे अ‍ॅप जेपेगच पाठवते. पण काही शाखा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले फोटो संगणकावरून चढवतात आणि त्यांत वेबपी असण्याची शक्यता आहे. तिथे फाइलीच्या नावाच्या शेपटावर विश्वास न ठेवता सुरुवातीचे बाइट पाहून प्रकार ठरवू. "मिनएरियारेक्ट" काढून शिरोरेषेच्या बेरजेची पद्धत बसवण्याचे काम सोमवारपासून सुरू करत आहोत. उभाआडवा, तुमच्याकडे शिक्के अक्षरांवर आलेल्या पानांचे काही नमुने असतील आणि ते देण्यास हरकत नसेल, तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावे. आमच्या संचात निळ्या शाईचे शिक्के भरपूर आहेत, जांभळ्या शाईचे फारच कमी आहेत.